तिरक्या खाचेचा स्क्रू

त्याला सगळे भिंगरी म्हणत. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव कधीच कागदोपत्री जाऊन बसलं होतं. गल्लीत, दुकानात, सासुरवाडीला, सगळीकडे भिंगरीच. आणि त्यात कुणाची चूक नव्हती. साठी जवळ आली तरी गड्याचं बूड एका जागी टेकायचं नाही. जेवताना मध्येच उठून खिडकी लावून यायचा. चहा उभ्यानं प्यायचा. न्हाव्याच्या खुर्चीत बसला की न्हावी आधी हात जोडायचा, "दादा, आज तरी मान हलवू नका, कानाची जबाबदारी माझी नाही." बायको तर रोज विचारायची, "अहो, खुर्ची चावते का तुम्हाला?"

आणि अशा माणसाच्या नशिबी काम कुठलं यावं? तर जुन्या बंदुका-रायफलींचे नंबर वाचून त्यांची वयं सांगायचं. ज्यात घाई केली की मेलात. आता बोला!

दुकान चष्मेवाल्याच्या शेजारी होतं. पुढे काचेची कुलूपबंद कपाटं आणि मालक. पडदा सारला की मागे एक अरुंद खोली. लांब टेबल, टेबलाच्या कडेला वस्तू आवळून धरायचा व्हाइस, वर एक दिवा, आणि तेलाचा न् जुन्या लाकडाचा असा वास की नवा माणूस आधी शिंकायचा. भिंगरी मिसरूड फुटायच्या वयात इथे वस्तादांच्या हाताखाली आला. वस्ताद म्हणजे जाड चष्मा, थरथरता हात आणि तोंडात शिव्यांचा न आटणारा झरा. त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं, की हे पोरगं कानस घेऊन बसणार नाही. मग त्यांनी त्याला आकडे दिले. कुठला कारखाना कुठल्या साली कुठल्या नंबरापर्यंत पोचला, त्या याद्या येरझारा घालत पाठ कर म्हणाले. त्यानं केल्या. चालताना त्याचं डोकं चालायचं, बसला की बंद पडायचं, असा उलटा कारभार होता.

बाहेरच्याला वाटतं, यात काय अवघड? कारखान्यातून निघताना बंदुकीच्या अंगावर नंबर ठोकतात, नंबर बघायचा, साल सांगायचं. तसं असतं तर चष्मेवाल्यानंही सांगितलं असतं. अहो, एखादा कारखाना धंदा मोठा दिसावा म्हणून मधले हजार आकडे गाळून थेट पुढे उडी मारतो. लष्करी रायफलींचे नंबर काही ठिकाणी दर साली पुन्हा एकपासून सुरू. सहा आणि नऊ यांना एकच ठसा. कारागिरानं पेंगत ठसा उलटा धरला की सहाचा नऊ झाला. पण या सगळ्यांचा बाप म्हणजे जोडकाम. शंभर वर्षांत बंदूक किती हातांतून जाते! नळी एकीची, दस्ता दुसरीचा, चापाभोवतीची कडी तिसरीची, आणि तिघींवर तीन नंबर. मग खरा कुठला? तर खरा तो, जो नळीखालचं लाकूड उतरवून, नळ्या वेगळ्या करून, आतल्या पोलादी पाटावर वाचायला मिळतो. तिथला नंबर बदलायला कुणी जात नाही. म्हणून वस्तादांचं एकच सूत्र होतं, रोज एकदा तरी ऐकवायचे: "आधी लाकूड उतरव, मग तोंड उघड."

वस्ताद गेले, सूत्र राहिलं. भिंगरीनं ते वर्षानुवर्षं पाळलं. एकदा एक गृहस्थ पणजोबांनी लढाईत वापरलेली म्हणून रायफल घेऊन आले. भिंगरीनं लाकूड उतरवलं, नंबर वाचला आणि म्हणाला, "साहेब, ही तुमच्यापेक्षा लहान आहे." गृहस्थ तरातरा निघून गेले ते गेलेच. बायकोला हा किस्सा सांगितला तर ती म्हणाली, "लोकांच्या बंदुकांचे जन्म पाठ आहेत. माझा वाढदिवस सांगा बघू." भिंगरी काहीतरी आठवल्यासारखं करून बाहेर पळाला.

सरकारच्या लेखी त्याला किंमत होती ती वेगळ्याच कारणानं. कायदा असा, की एकोणीसशे सालाच्या आधीची बंदूक म्हणजे जुनी वस्तू. बिनपरवाना भिंतीवर लावा, खुशाल. त्या सालाची किंवा नंतरची असली तर परवाना हवा, नाहीतर बंदूक जमा आणि दर शनिवारी सरकारी यार्डात तिचे तुकडे. बंदूक कुठल्या बाजूची, हे ठरवायला एक यादी होती तपासनिसांची. या भागात त्या यादीत एकच नाव, भिंगरीचं. त्याची सही झाली की त्यावर कुणी ब्र काढत नसे. मालकानं दुकानाच्या पाटीवर ते मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, आणि भिंगरी रोज पाटीखालून जाताना वर बघत नसे, पण पाटी आहे हे त्याला ठाऊक असे. माणसाला काहीतरी लागतंच की.

त्या आठवड्यात बाई आल्या.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई, आता निवृत्त. भिंगरीच्या मुलीला त्यांनीच गणित शिकवलं होतं, आणि भिंगरीला पालकसभेत "तुम्ही आधी नीट बसा" असं सगळ्यांसमोर सुनावलं होतं. एकट्याच राहायच्या. वडील नुकतेच गेले होते, खूप म्हातारे होऊन. बाईंनी चादरीत गुंडाळलेली दुनळी टेबलावर ठेवली.

"बाबांची आहे," त्या म्हणाल्या. "परवाना त्यांच्याबरोबर संपला. मला काही ती उडवायची नाही. भिंतीवर होती तिथे असू दे, एवढंच. जुनी असेल तर राहील, नसेल तर जाईल, असं ऑफिसात म्हणाले. खरं काय ते सांगा."

"घरात त्यांचं दुसरं काही..." भिंगरीनं विचारलं.

"कपडे देऊन टाकले. चष्मा होता, तो त्यांच्याबरोबर पाठवला. आता हीच."

भिंगरीनं बंदूक हातात घेतली. ओळखीचा कारखाना. हा कारखाना एकोणीसशे साल उजाडलं तेव्हा एकेचाळीस हजारावर होता. त्याच्या आतला नंबर म्हणजे जुनी, पुढचा म्हणजे नवी. त्यानं लाकडाची खिट्टी दाबली. हलेना. गंज धरून घट्ट बसली होती. अशा वेळी करायचं काय, तर चार थेंब तेल सोडायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बंदुकीकडे बघायचं नाही. भिंगरीनं तेल सोडलं. एक येरझार घातली. परत खिट्टी दाबली. परत येरझार. बाई टेबलापाशी ताठ उभ्या. बाहेर ऊन छान पडलं होतं आणि त्याचे पाय वळवळायला लागले होते. कुठे जायचं होतं का? छे! काम म्हणाल तर शून्य. बसवत नव्हतं, एवढंच.

त्यानं बंदूक उलटी केली. चापाभोवतीच्या कडीच्या शेपटीवर नंबर स्वच्छ दिसत होता. चार, एक, दोन, एक, सात. एकेचाळीस हजार दोनशे सतरा. म्हणजे थोडक्यात हुकली. काही महिन्यांनी म्हणा.

"जुन्यात नाही बसत, बाई," तो म्हणाला. "एकोणीसशे सालचीच आहे."

बाईंनी मान हलवली. "मग लिहून द्या," म्हणाल्या. त्यानं लिहून दिलं, सही केली, आणि पाच मिनिटांत तो रस्त्यावर होता, हात पाठीशी बांधून, मोकळा. बाई म्हणजे कामाची चालढकल करणाऱ्यातल्या नव्हेत. त्याच दुपारी त्यांनी बंदूक यार्डात नेऊन जमा केली.

शनिवारी सकाळी बायकोनं कपाटाचं दार दाखवलं. बिजागरी सैल होऊन दार लोंबत होतं. "आज हे झाल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही," असा हुकूम. भिंगरीनं स्क्रू ड्रायव्हर आणला, एकेक स्क्रू आवळला, आणि हातानं आपोआप शेवटी थोडा पुढे-मागे करून सगळ्या खाचा उभ्या एका रेषेत आणल्या.

बायको हसली. "कपाटाच्या आतली बिजागरी आहे हो. कोण बघणार आहे?"

"सवय," तो म्हणाला. "चांगल्या बंदुकीच्या स्क्रूच्या खाचा नळीच्या रेषेत असतात. कारागीर मुद्दाम तसं करतो. खाच तिरकी दिसली की समजायचं, मागाहून कुणीतरी..."

आणि तिथे त्याचं तोंड बंद झालं. कारण त्याला कडी दिसली. बाईंच्या दुनळीची कडी, शेपटीवरचा नंबर, आणि नंबराशेजारचा स्क्रू. त्याची खाच तिरकी होती. चांगली ठसठशीत तिरकी, आणि कडा चेमटलेल्या. त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं होतं, डोक्यानं पाहिलं नव्हतं. म्हणजे कडी कुणीतरी काढली होती. म्हणजे बदललीही असेल. म्हणजे तो नंबर त्या बंदुकीचा असेलच असं नाही! शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण शीत त्याच पातेल्यातलं असावं लागतं ना.

मनात पाल चुकचुकली ती थांबेचना. स्वयंपाकघरातून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. बायकोनं विचारलं, "आता काय झालं?" तर म्हणाला, "काही नाही," आणि परत दारापर्यंत. मग जिन्यात. मग रस्त्यावर. डोक्यात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, अरे, बहुतेक नंबर तोच असणार, नसती उठाठेव कशाला? दुसरा म्हणत होता, आज शनिवार आहे. आणि पहिला गप्प बसत होता. वस्ताद असते तर सणसणीत लगावली असती, आणि बरं झालं असतं.

पाय आपसूक बाईंच्या दारात गेले. बाई पेपर वाचत होत्या. भिंतीवर जिथे बंदूक होती तिथे रंगाचा एक लांब, उजळ पट्टा आणि दोन खिळे.

"सहज आलो होतो," भिंगरी म्हणाला. "तब्येत बरी ना? बंदूक दिलीत का जमा? म्हणजे, दिलीच असेल म्हणा. त्याचं काय आहे, कधी कधी ते लोक उशीर करतात..."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. ताकाला जाऊन भांडं लपवणारी पोरं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. "सरळ सांगा."

त्यानं सांगितलं. गंज, तेल, न थांबलेले पाय, कडी, तिरकी खाच, सगळं. बाईंनी पेपरची घडी घातली, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाल्या, "चला."

यार्ड गावाबाहेर होतं. पत्र्याची शेड, पुढे एक ऑफिस, आणि शेडमध्ये ग्राइंडरवाला डोळ्यांवर काच लावून एकेक बंदूक व्हाइसमध्ये आवळत होता. ग्राइंडरचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. भिंतीला बंदुका ओळीनं टेकवलेल्या, प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. बाईंनी आपली लांबूनच ओळखली. ओळीत शेवटून तिसरी होती. भिंगरीच्या जिवात जीव आला, पण पुरता नाही.

ऑफिसातल्या मॅडम वयानं लहान आणि कामाला चोख. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दाखला पुढे सरकवला.

"सही तुमचीच ना?"

"माझीच. पण मला फक्त लाकूड उतरवून आतला नंबर बघू द्या. दोन मिनिटं."

"काका, हा दाखला आहे तोवर ती बंदूक सरकारजमा आहे. तिला मीही हात लावू शकत नाही. तुम्ही दाखला मागे घेतलात तर ती पुन्हा यांची झाली, मग हवं ते उघडा."

"मग घेतो मागे."

"थांबा. पूर्ण ऐका." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "न तपासता दाखला दिला असं लिहून द्यावं लागेल. आणि असं लिहून देणाऱ्याचं नाव यादीतून जातं. मी काढत नाही, वरून निघतं. परत लागत नाही."

भिंगरीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. अरे देवा! म्हणजे आधी मान द्यायची, मग कळणार की गुन्हा होता की नव्हता. आत जुना नंबर निघाला तर बंदूक वाचली, ठीक. आणि तोच नंबर निघाला तर? तर बंदूकही जाणार आणि नावही. हात दाखवून अवलक्षण! दुकानाची पाटी डोळ्यांपुढे आली. मालकाचं तोंड डोळ्यांपुढे आलं. यादीत नाव नसलेला, आकडे पाठ असलेला साठीचा माणूस. त्याला कोण विचारणार? तो दारापर्यंत गेला, परत आला, परत गेला. शेडमध्ये ग्राइंडर थांबला, खणकन काहीतरी पडलं, आणि परत सुरू झाला.

"तुमची खात्री आहे का, आत दुसरा नंबर आहे म्हणून?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग नका करू. मी बंदूक गेली असंच धरून बसले होते. माझ्यासाठी तुमचं नुकसान नको."

"बाई, खात्री असती तर घरी झोपलो असतो," भिंगरी जवळजवळ ओरडलाच. "खात्री नाही, हेच तर! खात्री नसताना सही केली मी. उद्यापासून प्रत्येक स्क्रू बघताना मला हेच दिसणार. आण पेन, पोरी."

मॅडमना 'पोरी' म्हटलेलं त्याच्या लक्षातही आलं नाही. त्यांनीही ते मनावर घेतलं नाही. त्यानं उभ्याउभ्याच लिहून दिलं, आणि सही केली.

बंदूक हातात आली. शेडबाहेरच्या बाकावर तो बसला, खिट्टी दाबली, आणि खिट्टी जागची हलली नाही. त्या दिवशी सोडलेलं तेल आत थोडंफार गेलं होतं, पण गंजानं अजून धरून ठेवलं होतं. ग्राइंडरवाल्याकडून तेलाची कुपी आणली, परत थेंब सोडले. मॅडम दारातून म्हणाल्या, "ही ओळ संपेपर्यंत वेळ आहे. मग मला शेड बंद करावी लागते."

ओळीत चार-पाच बंदुका उरल्या होत्या. भिंगरीचा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता. त्यानं खिट्टी दाबली. नाही. शेजारी हातोडा पडला होता, त्याकडे हात गेला.

"हात मागे," बाई म्हणाल्या. थेट वर्गातला आवाज. हात मागे आला. "बसा. तेलाला त्याचं काम करू दे."

तो बसला. आयुष्यात पहिल्यांदा, म्हटलं तरी चालेल. ठिणग्या उडत होत्या, एक नळी तुटून खाली पडली, दुसरी आवळली गेली, आणि तो मांडीवर बंदूक घेऊन नुसता बसला होता. जीव टांगणीला, पाय जमिनीवर. बाई बोलत होत्या, त्याला ऐकवायला की स्वतःला, कुणास ठाऊक. वडिलांनी बंदुकीतून अखेरचा बार कधी काढला ते बाईंना आठवतही नव्हतं. नुसती पुसायचे. रविवारी जेवणाचं टेबल रिकामं झालं की चादर अंथरून हिला आडवी करायचे. आई वैतागायची, टेबलाला तेलाचा वास येतो म्हणून. बाबा म्हणायचे, तेलाचा वास येतोय तोवर मी आहे असं समज.

शेवटची बंदूक व्हाइसमध्ये लागली तेव्हा भिंगरीनं अंगठा ठेवला आणि खिट्टी टक्कन आत गेली.

लाकूड सुटलं. नळ्या उतरल्या. आतला पाट काळ्या चिकट थरानं भरला होता. त्यानं रुमालाचं टोक तेलात बुडवून पुसायला सुरुवात केली, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. बाई वाकल्या. मॅडमही येऊन उभ्या राहिल्या.

चार. एक.

दोन.

एक. सात.

त्यानं नळ्या उलट्या करून पाहिल्या. तोच. उतरवलेल्या लाकडाच्या आतल्या बाजूला पाहिलं. तिथेही लाकडात ठोकलेला तोच. एकेचाळीस हजार दोनशे सतरा, सगळीकडे, जन्मापासून. कुणी काही बदललं नव्हतं. पहिल्या दिवशी उलटी करून वाचलेला नंबर बरोबर होता.

ग्राइंडर थांबला होता.

"चुकलो असतो तर बरं झालं असतं, बाई," भिंगरी म्हणाला. सगळी वर्षं बरोबर असण्यातच गेली होती, आणि आज चूक निघावी म्हणून तो जीव तोडून आला होता. "तुमची बंदूक वाचली असती. आणि माझं नाव निदान कशासाठी तरी गेलं असतं."

बाईंचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. त्यांनी बोट कडीवर ठेवलं होतं. "तुम्ही म्हणालात तो स्क्रू हाच का? तिरका?"

"हाच. कडी कुणीतरी काढली होती एवढं खरं. काढली आणि तीच परत बसवली. आणि स्क्रू ड्रायव्हरही भलताच लावलाय, बघा, कडा कशा चेमटल्यात. कारागिराचं काम नाही हे."

"बाबा," बाई म्हणाल्या. आणि त्या हसायलाच लागल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होत्या. "शिवणयंत्राचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे हो, आईच्या डब्यातला. आई ओरडायची, ते टोक तुटेल म्हणून. दर वेळी ही कडी काढायची, आतलं पुसायचं, परत बसवायची. मी लहान होते. स्क्रू हातात धरून उभं राहायचं काम माझ्याकडे असायचं. हरवलास तर बघ, म्हणायचे."

भिंगरी त्या स्क्रूकडे बघत राहिला. म्हणजे सकाळपासून ज्यानं त्याला पळवलं, ती कुणा लबाडाची करणी नव्हती. एका म्हाताऱ्याचा रविवार होता तो.

मॅडम म्हणाल्या, "कापावी लागेल. पण नियमात धातूच लिहिलंय. लाकडाला परवाना लागत नाही." मग म्हणाल्या, "स्क्रूलाही नाही लागत. मी कुठे वाचलेलं नाही."

बाईंनी बंदूक पुन्हा स्वतःच्या सहीनं जमा केली. भिंगरीनं दस्ता सोडवला, नळीखालचं लाकूड बाजूला ठेवलं, कडीचा स्क्रू काढून बाईंच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली. मग ग्राइंडरवाल्यानं काच डोळ्यांवर ओढली. ठिणग्या उडाल्या तेव्हा दोघं तिथेच उभे होते. भिंगरी कुठे गेला नाही.

वरून कागद यायला वेळ लागला नाही. मालक आधी तापला, मग गप्प झाला, मग एके सकाळी रंगारी बोलावून पाटीवरची ती ओळ पुसून घेतली. भिंगरी पाटीखालून गेला, आणि या वेळी त्यानं वर पाहिलं. बायको फक्त म्हणाली, "आता दुपारी घरी असाल तर कपाटाच्या वरच्या खणाचंही बघा."

रविवारी बाईंनी निरोप पाठवला. तो हत्यारांची पिशवी घेऊन गेला. भिंतीवरच्या उजळ पट्ट्यात त्यांना ते नळीखालचं लाकूड लावायचं होतं. दस्ता कपाटात ठेवायचा म्हणाल्या, तो रोज बघवत नाही. भिंगरीनं माप घेतलं, भोक पाडलं, लाकूड टेकवलं.

"हा लावा," बाई म्हणाल्या आणि मूठ उघडली.

त्यानं स्क्रू लावला, आवळत आणला. शेवटचा वेढा आला, आणि हात सवयीनं खाच उभी करायला वळला. त्यानं हात थांबवला. स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. खाच तिरकी राहिली, चांगली ठसठशीत तिरकी.

बाईंनी जवळ येऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बसा. चहा टाकते."

भिंगरी बसला. गुडघा हलत होता, पण चहा येईपर्यंत तो खुर्चीतून उठला नाही.